शिवणाच्या डब्यातलं शून्य

मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्हाला साबणाची डबी आठवेल. पण मी एक जुना लहरमापक आहे. मोबाइल, वाय-फाय आणि टॉवर यांच्या लहरी तुम्हाला दिसत नाहीत, मला मात्र कळतात. फुशारकी मारत नाही, माझा जन्मच त्यासाठी झाला.

एका छोट्या कारखान्यात माझे सुटे भाग जोडले गेले. आधीच मोजून ठेवलेल्या लहरींसमोर बसवून माझी परीक्षा झाली आणि चुकलो तिथे माझे कानही पिळले गेले. मग मी एका संशोधन संस्थेत आलो. रोजच्या जगण्यात माणसांच्या वाट्याला किती लहरी येतात आणि त्यांचा तब्येतीशी काही संबंध आहे का, याचा तिथे अभ्यास चाले. माझं काम एकच, कुणाच्या तरी कमरेला बसायचं आणि ते माणूस जाईल तिथे जायचं. मी बसचालकाबरोबर गर्दीत अडकलो, एका आजोबांबरोबर दुपारभर लोळलो. 'गुणी आहे हो हा,' असं संशोधक ताई माझ्याबद्दल सगळ्यांना सांगत.

एकदा त्यांनी मला शिवणकाम करणाऱ्या मावशींकडे दिलं. मावशींच्या खिडकीसमोरच्या गच्चीवर टॉवर उभा राहिला होता आणि तेव्हापासून त्यांचं डोकं दुखत होतं. जिथे निम्मं आयुष्य मशीन चालवलं, ती खोली सोडून बहिणीकडे जायचं त्यांनी ठरवलं होतं. कापडाचे गठ्ठे बांधूनही झाले होते. गिऱ्हाइकं तुटणार म्हणून मावशींचे यजमान, म्हणजे काका, हवालदिल झाले होते, पण मावशींपुढे बोलायची त्यांची छाती नव्हती.

आठवड्याने ताई आल्या. त्यांनी माझे आकडे पाहिले आणि त्या बुचकळ्यात पडल्या. जवळजवळ सगळीकडे शून्य!

"टॉवर नाकासमोर आणि शून्य?" मावशी भडकल्या. "तुमचं यंत्र टॉवरवाल्यांनाच सामील दिसतंय!"

मला फार लागलं ते. पण मला तोंड कुठे होतं?

"मावशी, कमरेला लावलं होतंत ना?" ताईंनी विचारलं.

"छे! एवढी महागाची वस्तू. कात्री लागली, पडली, तर? सुयांच्या डब्यात जपून ठेवली होती. पण अगदी खिडकीत हं, टॉवरकडे तोंड करून!"

काकांनी डबा आणून दाखवला. चांगला जाड स्टीलचा, गच्च झाकणाचा. ताईंनी कपाळाला हात लावला. "अहो, बंद धातूच्या डब्यात लहरी शिरणार कशा?"

काका हसले. मावशींनी एक नजर टाकताच ते थांबले. पण त्या खजील झाल्या होत्या. त्यांनी पदर खोचला आणि मला कमरेला अडकवलं.

पुढचा आठवडा मी मन लावून मोजत होतो. या वेळी ताई आल्या तेव्हा मावशी मशीनवर हात ठेवून बसल्या होत्या.

"टॉवरचा वाटा थोडा आहे," ताई म्हणाल्या. "तुम्ही फोन कानाला लावून बहिणीशी बोलता ना, तेव्हाचा फोनचा वाटा याहून जास्त आहे. आणि सगळं मिळूनही सुरक्षिततेसाठी घालून दिलेल्या मर्यादेच्या खूप खाली आहे."

"मग माझं डोकं का दुखतं?"

"ते याला सांगता येणार नाही. मलाही नाही. एका घराच्या आकड्यांवरून तसं कळत नाही. दुखणं खरं आहे, डॉक्टरांना दाखवा. डोळेही तपासून घ्या."

मावशींनी मला उचलून तळहातावर घेतलं. मग म्हणाल्या, "याला खोटंच बोलायचं असतं, तर याने डोकेदुखीचंही उत्तर ठोकून दिलं असतं." आणि काकांकडे वळून, "बघत काय बसलात? गठ्ठे सोडा."

मित्रांनो, इतका आनंद मला कुठल्याच शाबासकीने झाला नाही.

पुढे नवे, हलके मापक आले. ताईंची बदली झाली. जाताना कुणालातरी 'हा गुणी आहे, जपून ठेवा,' असं त्या सांगून गेल्या. त्या माणसाने ते अक्षरशः ऐकलं. मला पुसलं, मऊ कापडात गुंडाळलं आणि लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

तेव्हापासून मी इथे आहे. धूळ नाही, धक्का नाही. मित्रांनो, तुम्ही कधी हे कपाट उघडलंत, तर मला नवे सेल घाला आणि कमरेला लावून चार घरं हिंडवा. पडलो तर पडलो. इथे मला फक्त शून्य दिसतं, आणि ते खरं नाही हे मला मावशींच्या डब्यापासून ठाऊक आहे.