न बघता दिलेले दीड स्टार

मित्रांनो, मी नांदेडातल्या एका जुन्या टॉकीजची खुर्ची आहे. बाल्कनीत तिसरी रांग, जिन्याकडून पहिली. माझं रेग्झिन फाटलंय, आतला काथ्या बाहेर आलाय, उजवा हात खिळखिळा झालाय. गोड बोलणं मला जमत नाही, हे आधीच सांगते. पण जे सांगेन ते डोळ्यांदेखत घडलेलं सांगेन.

माझा लोखंडी सांगाडा लातूरला जोडला आणि सागवानी हात इथे आल्यावर बसवले. नवी होते तेव्हा माझ्यासाठी भांडणं व्हायची. कुणी लांबूनच रुमाल टाकून मला धरायचं, कुणी थेट लेकरू आणून बसवायचं. पुढे माझ्या नशिबी मोठा मान आला. एका दैनिकात दर शनिवारी सिनेमाचं परीक्षण लिहिणारे भागवत सर माझ्यावर बसू लागले. तेव्हापासून डोअरकीपर गफूरभाईंनी मला बाकीच्यांसाठी बंदच करून टाकलं. "ही सरांची खुर्ची हाय, तिकडं बसा," असं म्हणत ते खांद्यावरच्या रुमालानं माझी धूळ झटकायचे.

सर तेव्हा खरोखर नेकीनं बघायचे. पडद्यावर नावं यायच्या आधी हजर, मांडीवर वही, अंधारात वाकडंतिकडं लिहिणं. सिनेमा टुकार असला की माझ्या हातावर बोटं आपटायचे, पण उठायचे नाहीत. एकदा गफूरभाई म्हणाले, "सर, एवढे बोर होऊन राहिले तर चला ना, चहा घेऊ." सर म्हणाले, "गफूर, चांगलं म्हणायला अर्धा बघितला तरी चालतो. वाईट म्हणायचं तर शेवटपर्यंत बसावं लागतं." अर्धं नांदेड शनिवारी सरांचे स्टार बघून तिकीट काढायचं. आणि इकडे मी फुगायचे. खोटं कशाला बोलू?

मग सरांचं नाव झालं. सत्कार झाले, शाली आल्या. सर मध्यंतरातच उठून जाऊ लागले. उरलेला अर्धा सिनेमा मोबाइलवर दुसऱ्यांचं वाचून पुरा करू लागले. मला सगळं कळत होतं, पण मी कुणाला सांगणार? शिवाय माझा मान त्यांच्याच जिवावर होता.

मागच्या वर्षी एका शुक्रवारी इस्लापूरच्या ऋतुजाचा सिनेमा लागला. पोरीनं चार वर्षं खपून तो केला होता. नायिका कोण, तर तिची सख्खी आत्या साखराबाई. गावात पिठाची गिरणी चालवणारी बाई, जन्मात कधी कॅमेऱ्यापुढे उभी राहिली नव्हती. टॉकीजच्या शेठनं ऋतुजाला तोंडावर सांगितलं होतं, "शनिवारी पेपरात बरं आलं तर दुसरा आठवडा. न्हाई तर रविवारी उतरवतो." म्हणजे चार वर्षांची मेहनत सरांच्या एका लेखावर येऊन टेकली होती. ऋतुजा माझ्यावर ओढणी टाकून शेजारी बसली. पडद्याकडे कमी आणि जिन्याकडेच जास्त बघत होती. गफूरभाई दर खेळाला म्हणायचे, "येतील ताई. सर येतीलच."

सर आलेच नाहीत.

शनिवारी पेपर मात्र आला. दीड स्टार! गफूरभाईंनी बॅटरीच्या उजेडात वाचून दाखवलं, "शेवटी नायिका गाव सोडून निघून जाते, हे मनाला पटत नाही."

ऋतुजाच्या शेजारी बसलेल्या साखराबाई ताडकन उठल्या. "आगं माय! म्या कवा गाव सोडलं? लेकीला यष्टीत बसवून म्या तर माघारी गिरणीवर आले की!"

गफूरभाईंची मान खाली गेली. खाली दारात सिनेमाचं पोस्टर होतं, त्यात साखराबाई डोक्यावर गाठोडं घेऊन यष्टी स्टँडवर उभ्या होत्या. "ताई, सरांनी पोस्टर बघून लिव्हलं," ते म्हणाले. शितावरून भाताची परीक्षा करतात, हे मी ऐकलं होतं. सरांनी तर चुलीचा धूर बघूनच भात नासला म्हणून सांगितलं. मला स्वतःची लाज वाटली. त्या पोरीसमोर मी तीन खेळ रिकामी पडून होते आणि आजवर सरांच्याच मोठेपणात जगले होते.

गफूरभाईंनी जिन्यात जाऊन हळूच सरांना फोन लावला. "सर, खोटं लिव्हलं गेलं. एक खेळ तरी बघून जा."

रविवारी दुपारच्या खेळाला, दिवे गेल्यावर, सर गुपचूप येऊन माझ्यावर बसले. ऋतुजा खाली शेठच्या विनवण्या करत होती. शेजारी साखराबाई होत्या. त्यांनी सरांना कधी पाहिलेलं नव्हतं, आणि सर तर त्यांना पोस्टरवरूनच ओळखत होते. सगळे मिळून अकरा माणसं. त्या दिवशी सरांचं बोट एकदाही माझ्यावर आपटलं नाही. पडद्यावर साखराबाईंनी लेकीला यष्टीत बसवलं, माघारी येऊन गिरणीचा पट्टा चढवला, तोंडावर पीठ उडत राहिलं आणि त्या दळत राहिल्या. सरांनी चष्मा काढून डोळे पुसले.

दिवे लागले. सर म्हणाले, "बाई, लई चांगलं काम केलंत. सिनेमाबी चांगला हाय."

साखराबाईंना भरून आलं. "भाऊ, तुमी शिकलेले दिसता. त्या पेपरवाल्याची वळख असंल तर त्याला सांगा, एकडाव येऊन बघ म्हणावं. आमची पोर चार वर्सं धड जेवली न्हाई."

सर खाली बघून म्हणाले, "सांगतो."

साखराबाई खाली गेल्यावर जिन्यापाशी गफूरभाईंनी सरांना अडवलं. "सर, आता लिव्हाल ना?"

"काय लिहू, गफूर? न बघता लिहिलं होतं म्हणून? तीस वर्षांचं नाव हाय माझं."

संध्याकाळी पोस्टर उतरलं. पुढच्या शनिवारी गफूरभाईंनी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत धुंडाळला. ऋतुजाच्या सिनेमाबद्दल एक ओळ नव्हती. एका बड्या सिनेमाला साडेतीन स्टार होते, आणि तो बघताना सर माझ्यावरच झोपले होते.

मित्रांनो, उद्या तुम्हीही कुणाच्या तरी कामाला मार्क द्याल. आधी ते काम बघा, पुरतं बघा. आणि चुकलात तर जिथं चुकलात तिथंच, चारचौघांत कबूल करा. कानात दिलेली कबुली कुणाच्या कामाची नाही.

साखराबाई अजून अधूनमधून गफूरभाईंना फोन करतात. "त्या भल्या मानसानं सांगितलं का वो पेपरवाल्याला?"

गफूरभाई माझ्यावर हात टेकून उभे राहतात आणि म्हणतात, "त्यांची अजून भेट झाली न्हाई, मावशी."