घोंगडी आली, पोरगी कुठं हाय?

मित्रांनो, मी टोचते, हे आधीच सांगून टाकते. नंतर तक्रार नको. मी एक जुनी काळी घोंगडी आहे. साताऱ्यात डॉ. उत्कर्षा नावाच्या प्राध्यापकबाई राहतात, त्यांच्या पलंगाच्या पायथ्याशी माझी घडी असते. त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात आणि माळावरच्या गवतांवर संशोधन करतात. मीही त्याच गवताची, असं म्हटलं तरी चालेल. ते गवत खाल्लेल्या मेंढरांच्या लोकरीची मी आहे.

आटपाडीच्या पुढे, पावसाने कायम पाठ फिरवलेल्या एका वाडीत उत्कर्षाचे वडील तात्याबा मेंढरं राखायचे. लोकर त्यांनी कातरली, सूत त्यांच्या बायकोने, अंबूबाईंनी कातलं आणि गावच्या सणगराने मला मागावर विणलं. चिंचोक्याची खळ अंगात मुरली तेव्हा मी अशी ताठ झाले, की कोपऱ्यात उभी केली असती तर उभीच राहिले असते. त्या घरात माझा मान मोठा होता. बारसं असो, जावळ असो की हळद, ज्याचं कार्य त्याला माझ्यावर बसवायचं, भंडारा उधळायचा, मगच पुढचं. मला अंथरल्याशिवाय कोणी सुपारीसुद्धा हलवत नसे.

उत्कर्षा बारावीनंतर साताऱ्याच्या कॉलेजात निघाली. तात्याबांनी मला उचललं आणि तिच्या पिशवीवर ठेवलं. तिचे चुलते तिथेच होते. ते म्हणाले, "आरं, घरची घोंगडी कुनी पोरीला देतं व्हय? उद्या लगीन झालं की दुसऱ्याच्या घरात जाईल."

तात्याबा एवढंच म्हणाले, "साताऱ्यात थंडी लय असती."

थंडी होतीच. वसतिगृहाच्या खोलीत मी तिला पुष्कळ ऊब दिली. पुढे तिची पीएच.डी. इतकी रेंगाळली, की नातेवाईक तिला 'भिजत घोंगडं' म्हणू लागले. मला हा वाक्प्रचार मुळीच आवडत नाही. भिजले तरी मी वाळते, आणि उत्कर्षाही एक दिवस डॉक्टर झाली. तेवढ्या काळात पाटणचे कातळाचे सडे, मेढ्याचे डोंगर, माणदेशाचे माळ असं सगळं मी तिच्यासोबत पालथं घातलं. ती माझ्यावर बसून गवतं ओळखायची. माझ्या अंगात अडकलेली कुसळं संध्याकाळी एकेक काढून कागदाच्या पाकिटात ठेवायची. प्रबंधात आभार मात्र तिने विद्यापीठाचे मानले.

प्रवासही खूप झाला. हैदराबादच्या चर्चासत्रात हॉटेलच्या पोऱ्याने मला पायपुसणं समजून दाराबाहेर टाकलं. मंगोलियाला जाताना विमानतळावरचं कुत्रं माझ्यापाशी असं खिळून बसलं, की साहेबांना मला तीनदा झटकून बघावं लागलं. निघाली काय, तर दोन कुसळं. तिकडे पोहोचल्यावर एका मेंढपाळ म्हातारीने मला नाकाशी धरलं आणि उत्कर्षाच्या पाठीवर थाप मारली. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता, पण मेंढरू कळत होतं.

घरी आलं की कपाटात सत्काराच्या शालींचा ढीग. मऊ, रंगीत आणि एक नंबरच्या भटक्या. आज सत्कारात आली, उद्या कुणाच्या तरी आहेरात गेली. एक मोरपंखी शाल तर फिरून फिरून परत आमच्याच घरी आली! कार्याला मी मात्र एकाच रस्त्याने फिरले, सातारा ते वाडी. वाडीत कार्य ठरलं, की पहिला फोन उत्कर्षाला यायचा, "घोंगडी घिऊन ये." मग ती मला काखेत मारून निघायची. लग्नानंतर तिचं घर साताऱ्यातच झालं, तरी हा नेम चुकला नाही.

चुकायची वेळ आली ती शिवतेजच्या जावळाला. शिवतेज म्हणजे तिच्या धाकट्या भावाचा, राजवर्धनचा मुलगा. राजवर्धन फौजेत. सुट्टी संपत आलेली, त्यामुळे दिवस पुढे ढकलणं शक्य नव्हतं. नेमकी त्याच दिवशी उत्कर्षाच्या विद्यार्थिनीची, संयोगिताची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा होती. धारवाडहून परीक्षक येणार होते आणि तारीख आधीच एकदा मोडलेली. मार्गदर्शकच नसेल तर परीक्षा कसली?

आदल्या दिवशी राजवर्धन गाडी घेऊन साताऱ्याला आला. म्हणाला, "आक्का, जमत न्हाई तर ऱ्हाऊ दे. घोंगडी तेवढी दे, म्हंजे कार्य अडायचं न्हाई."

"आणि पोराचं जावळ पदरात कोण झेलणार?" तिने विचारलं. आमच्याकडे बाळाचे पहिले केस आत्याच्या पदरात पडतात.

"चुलत आत्या हाय की."

उत्कर्षाने माझी घडी नीट केली. तिचा हात माझ्यावर जरा रेंगाळला, मग तिने मला त्याच्याकडे दिलं. "परीक्षा उरकली तर येते," म्हणाली. पण त्या आवाजात जोर नव्हता.

दुसऱ्या दिवशी वाडीत मांडव भरला होता. बाळाचा मामा मांडी घालायच्या तयारीत, केरबा न्हावी कात्री पुसत उभा. तात्याबांनी मला गाडीतून काढलं आणि वाकून मागच्या सीटवर पाहिलं.

"घोंगडी आली. पोरगी कुठं हाय?"

राजवर्धनने सांगितलं. तात्याबांनी मला अंथरलं नाही. खांद्यावर टाकलं आणि ते ओट्यावर जाऊन बसले. "मग थांबू," म्हणाले.

सकाळची दुपार झाली. अंबूबाई तीनदा येऊन गेल्या. "आवं, पावनं उपाशी हायती. मटान गार हुतंय. लेकरू पेंगाय लागलं!"

"पेंगू दे. जावळ काय पळून जातंय?"

केरबा म्हणाला, "तात्या, मला अजून दोन गावं करायची हायती गड्या."

"जा की. कात्री ठिवून जा."

पाहुणे हसले, पण राजवर्धनचा पारा चढला. पोटात भूक, वर पाहुण्यांपुढे शोभा. तो ओट्यापाशी येऊन म्हणाला, "तात्या, हट्ट नगा करू. घोंगडी आलीया न्हवं? आजपातूर घोंगडीसाठीच तर तिला बोलवत हुतो!"

बोलून गेला आणि त्यालाच ते ऐकू आलं.

तात्याबा शांतपणे म्हणाले, "व्हय. म्हनूनच तिला दिली हुती." त्यांनी माझी दशी बोटाला गुंडाळली. "पोरगी शिकनार, लांब जानार, ह्ये मला तवाच कळलं हुतं. आमी हाय तवर बोलवू. आमच्या मागनं कोन बोलवनार? तू फौजंत, तुझी बायकू तुझ्या संसारात. घोंगडी तिच्यापाशी असली, तर झक मारत फोन करशीला. थंडीबिंडी समदी थाप. आज घोंगडी एकटी आली आन् कार्य झालं, तर उद्या फोनबी न्हाई हुनार."

इतकी वर्षं मी स्वतःला पांघरूण समजत होते. मी तर बोलावणं होते!

राजवर्धन मांडवाच्या मागे गेला आणि त्याने फोन लावला. "आक्का, कुठं हाईस?" तो म्हणाला. "ये. तुझ्याबिगर न्हाई करनार आमी."

ती म्हसवडच्या पुढे आली होती. संयोगिता पास झाली होती आणि परीक्षकांना जेवू घालायचं काम तिच्यावरच सोपवून उत्कर्षा तशीच, उपाशी निघाली होती. कॉलेजच्या सुती साडीत ती मांडवात शिरली, तेव्हा कुठे तात्याबांनी मला खांद्यावरून उतरवून अंथरलं. भंडारा उधळला. केरबाने कात्री लावली आणि पहिली बट आत्याच्या पदरात पडली. शिवतेजने भोकाड पसरलं आणि मामाच्या मांडीसकट मलाही भिजवलं. मला त्याचं काही वाटलं नाही. मी वाळते.

अंबूबाईंनी रात्रीच्या जेवणाआधी लेकीला सगळं सांगितलं. ती दोरीवर वाळत घातलेल्या माझ्यापाशी आली आणि पदर तोंडाला लावून रडली. उपकाराचं नव्हे, माहेरचं रडणं होतं ते.

तात्याबा आता नाहीत. यंदा राजवर्धनला मुलगी झाली. बारशाच्या आधी त्याचा फोन आला, "आक्का, सकाळी लवकर निघ. न्यायला म्हसवडपातूर येऊ का?" माझं नावही त्याने काढलं नाही. मी गच्चीच्या कठड्यावर उन्हात पडले होते आणि घाईघाईत उत्कर्षा मला तशीच विसरून गेली. मला राग आला, खोटं कशाला बोलू? अर्ध्या रस्त्यातून गाडी वळेल म्हणून मी दिवसभर कान लावून होते. गाडी वळली नाही.

दुसऱ्या दिवशी ती गच्चीवर आली आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई, हिला विसरलेच! सतरंजीवर झालं बारसं. आणि कुणी विचारलंसुद्धा नाही गं!" ती हसत सुटली. मग तिने मला उराशी धरलं आणि माझ्यात तोंड खुपसलं. माझा राग तिथेच गेला. तात्याबांनी मला ज्या कामाला लावलं होतं, ते पुरं झालं होतं. मी तिच्या गालाला टोचले असणार, पण तिने तक्रार केली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी असेल, तर तिला मान म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका. कसर लागते. ऊन दाखवा, अंगावर घ्या, चार माणसांत अंथरा. आणि लांब दिलेल्या बहिणीला फोन करायला घोंगडीची वाट बघू नका.