तळघरात लागलेला खर्ज

मित्रांनो, मी एक म्हातारा कीबोर्ड आहे; नात्याने पियानोचा लांबचा आणि बाजाच्या पेटीचा जवळचा. माझी पहिली आठवण आष्टीच्या भागवतमामांची. त्यांचा लग्नांत वाजवणारा बँड होता. हातगाडीवर दोन भोंग्यांच्या मध्ये मला बांधून ते वरातीपुढे वाजवत. गुलाल, धूळ, अक्षता सगळे माझ्या पट्ट्यांमधून आत शिरले. लोक घाम पुसत ओरडत, "मामा, पुन्हा एकदा!" ते दिवस मला आवडत. पुढे मामांनी नवा कीबोर्ड घेतला आणि मला गोणपाटात गुंडाळून बीडला बहिणीकडे, सत्यशीलाबाईंकडे ठेवले. ज्वारीच्या कणगीमागे माझी काही वर्षे मुकाट्याने गेली.

मला बाहेर काढले त्यांच्या मुलीने, योगिताने. ती पुण्याला शिकायला गेली होती आणि येताना डार्कवेव्ह नावाच्या संगीताचे वेड घेऊन आली. यंत्राचा एकसारखा ठोका, लांबवलेले गडद सूर आणि त्यावर खोल आवाजातले शांत गाणे, असे ते संगीत. तिचा मित्र प्रविण बेस गिटार घेऊन आला, ठोका लॅपटॉपने धरला, सूर माझ्याकडे आले आणि गाणे योगिताकडे. बँडचे नाव ठरले 'झाकोळ'.

बीडमध्ये हे ऐकतो कोण, असे तुम्ही विचाराल. एका बंद दुकानसंकुलाच्या तळघरात या, म्हणजे कळेल. शिरूर कासारची रॅप करणारी पोरे, कॉलेजच्या मुली, गिटार शिकणारे एक कंपाउंडर, सगळे तिथे जमतात. फलक कुठेच लागत नाही; निरोप फोनवरून फिरतो. कार्यक्रम भर दुपारी असतो. वर ऊन भाजत असते, खाली गारवा असतो आणि अंधार फुकट मिळतो.

यंदा ऐन लग्नसराईत मामांचा नवा कीबोर्ड बंद पडला आणि त्यांनी मला परत मागितले. आमच्याकडे दुसरा कीबोर्ड नव्हता. योगिता रडवेली झाली. सत्यशीलाबाई म्हणाल्या, "मी येते तुमचं ते बघायला. लोक बसले तर बघू. उठून गेले तर हा मामाकडं जाईल."

पुढच्या कार्यक्रमाच्या दुपारी त्या आल्या त्या पिशवीत नारळ घेऊनच.

"आई, इथं नारळ कावून?"

"वाद्य हाय ना ते? वाजवायच्या आधी नारळ फोडत्यात."

त्यांनी मला हळदकुंकू लावले आणि माझ्याजवळच्याच पायरीवर नारळ आपटला. पाणी थेट माझ्या डाव्या अंगावर उडाले. प्रविण ओरडला, "काकू, जपून!" पण तोवर ते आत गेले होते.

माझ्या प्रत्येक पट्टीखाली रबराची एक छोटी टोपी असते, आतून वीज वाहणारा कार्बन लावलेली. पट्टी दाबली की टोपी खालच्या तारांना टेकते, वीज वाहते आणि सूर निघतो. नारळाच्या पाण्यात क्षार असतात. त्यातूनही वीज वाहते. कुणी हात न लावता माझ्यातून खर्जातला एक सूर घुमू लागला आणि थांबेचना.

"योगे, हा बंद होईना!" प्रविण कुजबुजला.

सत्यशीलाबाई अर्धी करवंटी हातात धरून जागीच थिजल्या. समोर माणसे बसली होती. मला विझवले असते तर कार्यक्रमही विझला असता. योगिता डोळे मिटून म्हणाली, "वाजू दे. ह्याच सुरात गाऊ."

तिने गाणे खाली, माझ्या अडकलेल्या सुरावर आणले. प्रविणने दोनदा चुकून तिसऱ्यांदा तिला गाठले. तळघराच्या भिंती हळूहळू गुणगुणू लागल्या. तेवढ्यात मागची दोन पोरे उठली. सत्यशीलाबाईंचा चेहरा पडला. पण ती पोरे पुढे येऊन स्पीकरला खेटून बसली!

गाणे संपले तेव्हा एकच गलका झाला. "लई भारी!" कुणीतरी ओरडले, "काकू, पुढच्या बारीला बी नारळ आणा!"

"गप बस, मेल्या," सत्यशीलाबाई म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या. मग हळूच विचारले, "माझ्यामुळं बिघडला का गं हा?"

"पुसला की सुधरंल." योगिताने मला उपडे करून स्क्रू काढले. ते सांभाळायला आईच्याच ओंजळीत दिले. आतून जुना गुलाल निघाला, अक्षता निघाल्या. ती कापसाच्या बोळ्याने एकेक टोपी पुसू लागली. इतक्या वर्षांत माझ्या आत कुणी पाहिलेच नव्हते.

तेवढ्यात सत्यशीलाबाईंना मामांचा फोन आला. त्यांची ओंजळ स्क्रूंनी भरलेली, म्हणून प्रविणने तो त्यांच्या कानाला धरला.

"आणू का गाडी?"

"दादा, तू दुसरा बघ," त्या म्हणाल्या. "ह्याला न्हाई देता येत. माझ्या पोरीला लागतोय."

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे कुणी असेल. त्याच्यापुढे नारळ जरूर फोडा, पण हातभर लांब. आणि कधीतरी त्याला उघडून आतली धूळ पुसा. पूजा सणाला झाली तरी चालते. फडके मात्र रोज जवळ असू द्या.