आबांचं भिंग

“आबा, तुम्हाला खरंच दिसत नाही, का तुम्ही नाटक करताय?”

हा प्रश्न माझ्या मनात होताच, पण तो तोंडावर विचारायची पैज अर्शियाने लावली होती. मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातली शेंगाची चटणी संपवत ती म्हणाली, “तेरे से नहीं होता नंदू. स्टेज पे बोलना अलग, आबा के मुँह पे बोलना अलग.” बाकीच्या पोरी खिदळल्या. आता हे कोणी मला म्हणायचं काम नव्हतं. गॅदरिंगला मी पूर्ण शाळेसमोर, हातात कागद न घेता भाषण ठोकलं, तेव्हापासून राजनंदिनी औताडे कोणाला भीत नाही. आधी मी ‘हजर’सुद्धा इतकं हळू म्हणायचे की बाई माझी गैरहजेरी मांडायच्या. आता त्याच बाई म्हणतात, जरा हळू, पलीकडच्या वर्गात पेपर चालू आहे.

तर आबा ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. डोळ्यांवर दवाखान्यातून मिळालेला काळा चष्मा. प्रश्न ऐकून त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

“नाय दिसत,” ते म्हणाले, आणि सुपातल्या दाण्यांतून एकच किडका दाणा नेमका उचलून अंगणात भिरकावला.

आता तुम्हीच सांगा, संशय येणार नाही तर काय होणार?

मुळात आबांचा उजवा डोळा चांगला झालेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, तेव्हा आबांनी आधी भिंतीकडं पाहिलं. “ही भित निळी हाय? मला वाटलं, मातकट दिलाय रंग.” मग आईकडं पाहून म्हणाले, “सूनबाई, तुझे केस पिकले की गं!” आईला हसावं का रडावं कळेना. ती म्हणाली, “मामा, डोळा आला म्हणून पहिल्यांदा हेच दिसलं का तुम्हाला?” डावा डोळा पुढं थंडीत करायचा ठरला होता. त्याच्यात अजून धुकं होतं, पण उजवा एकदम लख्ख.

भ्या होतं ते फक्त भिंगाचं. डोळ्यात नवीन भिंग बसवलंय म्हटल्यावर आबांनी सिस्टरला विचारलं, “काचच ती. धक्क्यानं फुटली मंजी?” सिस्टर म्हणाली, “काच नाही बाबा, फुटत नाही.” त्यांना काही पटलं नाही. रिक्षातून घरी येताना त्यांनी मान अशी धरली होती की जशी डोक्यावर पाण्याची भरलेली घागर. प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्याला ओरडायचे, “हळू रे बाबा, भिंग हलंल!”

डॉक्टरांनी महिनाभर सायकल बंद सांगितली. हे आबांना म्हणजे जेवण बंद सांगितल्यासारखं होतं. आबा सायकलला सायकल म्हणत नाहीत, गाडी म्हणतात. त्यांची काळी उंच गाडी माझ्यापेक्षा कितीतरी मोठी आहे वयानं. मी बालवाडीत होते तेव्हापासून तिच्याच कॅरेजवर बसून शाळेत गेलेय. हर्सूलपासून जळगाव रोडनं सरळ, आबांचा सदरा मुठीत धरून. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यापर्यंत. नंतर मला रिक्षा लावली. त्या रिक्षात आम्ही पोरी शेवग्याच्या शेंगांसारख्या भरतो. मी आपली वाट बघत होते, कधी महिना संपतो आणि कधी मी कॅरेजवर बसते.

महिना संपला. डॉक्टर म्हणाले, चालवा खुशाल. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी धुतलेला पायजमा घातला, गाडीला हळदकुंकू लावलं, घंटी वाजवून बघितली आणि ऐटीत निघाले. आई म्हणाली, “येताना कोथिंबीर आणा मामा.”

थोड्याच वेळात परत आले. पायी. गाडी हातात धरून. कोथिंबीर नाही. गाडी भिंतीला टेकवली आणि म्हणाले, “दिसत नाय.”

बस्स. तेव्हापासून एकच पालुपद.

पप्पा शेंद्र्याला कंपनीत आहेत, तरी सुट्टी टाकून त्यांना परत दवाखान्यात घेऊन गेले. मीही गेले. डॉक्टरांनी डोळ्यात उजेड मारून पाहिलं. “भिंग जागेवर आहे. डोळा स्वच्छ आहे.” मग समोरच्या तक्त्यावरची अक्षरं विचारली. सगळ्यात वरचं अक्षर केवढं मोठं असतं! आबा म्हणाले, “नाय दिसत.”

“बाबा, तक्ता तरी दिसतो का?”

“हाय का तक्ता?”

डॉक्टरांनी पप्पांकडं पाहिलं, पप्पांनी आबांकडं, आणि मी आबांच्या पायाकडं. कारण दाराजवळ कोणाची तरी पाण्याची बाटली आडवी पडली होती आणि आबा तिला अलगद ओलांडून बाहेर निघाले होते.

मी पप्पांना हे सांगितलं. ते म्हणाले, “म्हाताऱ्या माणसावर संशय घेती का? तुझं भाषण शाळेत ठेव.” मग बुधवारी जेवताना ते म्हणाले, “आबा, दिसतच नाही तर ती सायकल अंगणात अडचण कशाला? रविवारी भंगारवाला येतोय, देऊन टाकू.”

मी घास हातात धरून बसले. मला वाटलं, आता स्फोट होणार. एकदा पप्पांनी गाडी नुसती पावसात ठेवली होती तर आबा आठवडाभर त्यांच्याशी बोलले नव्हते.

आबा म्हणाले, “दे.”

एवढंच. आणि ताटावरून उठले. भाकरी अर्धी तशीच.

तिथंच माझा संशय पक्का झाला. कारण ज्या गाडीला भंगारात द्यायचंय, तिच्या चेनला ताजं तेल कोण लावतं? मी बोट लावून पाहिलं होतं. टायरमध्ये हवा टम्म. मडगार्डवर ओला लाल चिखल, आणि आमच्या गल्लीत तर सगळी फरशी. रोज दुपारी आबा गाडी हातात धरून निघायचे. विचारलं की म्हणायचे, “मारुतीच्या पारावर चाललो. काठी धरली की मानूस म्हातारा दिसतो. गाडीचा आधार बरा.” पण पारावरचा चिखल लाल नसतो. लाल माती हर्सूलच्या तलावाकडं.

अर्शियाला मी हे सगळं सांगितलं. ती डोळे बारीक करून म्हणाली, “कुछ तो बी लोचा है. कोई दादी का चक्कर तो नहीं?”

“गप गं! आमचे आबा आहेत ते.”

“तो फिर पीछे चल, देखते. बैठे बैठे कायकू दिमाग खाली कर रई?”

शनिवारी शाळा सकाळची. दुपारी आबा गाडी घेऊन निघाले आणि आम्ही मागं. मी ओढणी डोक्यावरून घेतली होती, अर्शियाने तिच्या आईचा गॉगल लावला होता, त्यामुळं आमच्याकडं सगळं गाव बघत होतं. आबांनी मात्र मागं वळून पाहिलं नाही. पार आला. आबा पाराजवळ थांबले सुद्धा नाहीत. “देख,” अर्शिया माझा हात दाबून म्हणाली. मोठा रस्ता लागण्याआधीच ते तलावाच्या वाटेला वळले.

तलावाच्या अलीकडं मोकळं मैदान आहे. दुपारचं तिथं कुत्रंसुद्धा नसतं. म्हणजे एक होतं, बाभळीखाली झोपलेलं. आम्ही बाभळीच्याच आड बसलो. आबांनी इकडंतिकडं पाहिलं. काळा चष्मा काढून खिशात टाकला. पायजमा वर खोचला. आणि टांग टाकून बसले गाडीवर!

आणि काय चालवत होते! गोल गोल, मग आठच्या आकड्यासारखं, मग एकदम बारीक वळण. दगड आला की चुकवायचे, खड्डा आला की आधीच ब्रेक. कुत्रं उठून आडवं गेलं तर घंटी वाजवून त्याला म्हणाले, “मर की बाजूला, डोळे फुटले का!”

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आईने ह्या माणसासाठी देवाला नारळ बोलला होता! पप्पांनी पगार कापून घेतला होता! मी रोज रिक्षात चेंगरून जात होते! त्याच आठवड्यात मराठीच्या बाईंनी वाक्प्रचार शिकवले होते, अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. मी बाभळीमागून उडी मारून बाहेर आले आणि स्टेजवरच्या आवाजात ओरडले,

“आबा! तुमचं बिंग फुटलं!”

आबांनी करकचून ब्रेक मारला. गाडी एका अंगाला गेली, ते कसेबसे पायावर उभे राहिले आणि उजव्या डोळ्यावर हात दाबून खालीच बसले, मातीत.

“फुटलं?” ते म्हणाले. “खरंच फुटलं?”

“फुटलंच! आता लपवून उपयोग नाही!”

“तुला तिथून दिसलं? रगत येतंय का गं?”

मला वाटलं, हे नवीन नाटक. मी कमरेवर हात ठेवून म्हणाले, “कसलं रक्त आबा? आता पुरे.” पण डोळा झाकलेल्या बोटांच्या फटीतून पाणी येत होतं. आणि ते स्वतःशीच बोलत होते, “त्या दिशीच हललं आसंल. ट्रकाच्या टायमाला. आज धक्का बसला आन फुटलं.”

अर्शियाच्या आधी लक्षात आलं. ती माझ्या कानात म्हणाली, “पगली, तू बिंग बोली. उनो भिंग सुने.”

मी जमिनीवर बसले त्यांच्यासमोर. “आबा, भिंग नाही हो फुटलं. बिंग. बिंग फुटलं म्हणजे गुपित उघडं पडलं.”

“ते कुठं आसतं?”

“कुठं नसतं! मराठीच्या पुस्तकात असतं. हात काढा बरं. आता डावा डोळा झाका. ती पाटी दिसते का?”

तलावाच्या कडेला पाटी आहे. आबांनी हात काढला, डोळा उघडला, मिचकावला. “पोहन्यास… सक्त मनाई आहे,” त्यांनी वाचलं. मग थोडं थांबून, “खाली बारीक लिहिलंय, आदेशावरून. कुनाच्या आदेशावरून ते पुसलंय.”

मला स्वतःला ते ‘आदेशावरून’ दिसत नव्हतं.

अर्शिया खो खो हसायला लागली. मीही हसले. आबा नाही हसले. ते गाडीच्या चाकाकडं बघत होते. मग मी आवाज खाली आणून विचारलं, “आबा, ट्रकचं काय झालं होतं?”

ते मूठभर माती घेऊन सोडत राहिले.

“त्या दिशी रोडला लागलो. मागून ट्रक आला. आता ट्रक तर रोजच यायचे. आवाज यायचा, अंगाला वारा लागायचा, मी जरा कडंला व्हायचो. झालं. पर त्या दिशी मला दिसला. चाक दिसलं त्याचं. चाकाचे नटबोल्ट दिसले, पोरी. हितं, माझ्या कोपराला!” त्यांनी कोपर धरलं. “मी उतरलो. उभं ऱ्हाऊन बघितलं तर सगळेच तसे चाललेले. एक हात सोडून. मंजी आधीपन तसेच जात आसतील का नाय?”

“असतील.”

“मंग तवा माझ्या मागं कोन बसत व्हतं?”

मी बसत होते, त्यांचा सदरा मुठीत धरून.

“दोन सालं मला नीट दिसत नव्हतं. धुरात चालवावी तशी चालवली. आन तू मागं बसून पाडे म्हनायची. काय झालं आसतं?” त्यांनी हातातली माती झटकली. “दिसतंय म्हनलो आसतो, तर तू दुसऱ्या दिशी दप्तर घिऊन कॅरेजवर येऊन बसली आसती. तुला नाय कसं म्हनू? मंग म्हनलं, दिसतच नाय म्हनावं. सुटलो.”

“आणि ही रोजची चक्कर?”

“तिला सोडवत नाय ना.” त्यांनी गाडीच्या सीटवर हात ठेवला. “म्हनलं, उद्या जातीच हाय भंगारात, तवर हिंडवावं.”

अर्शियाने गॉगल काढून माझ्या ओढणीला डोळे पुसले आणि म्हणाली, धूळ गेली.

परत येताना आबा म्हणाले, “घरी सांगू नको.” मी म्हणाले, “मी नाही सांगणार. तुम्ही सांगायचं.” पूर्ण रस्ताभर मी विचार करत होते. माझ्या निळ्या सायकलचा. ती पप्पांनी दिवाळीत घेतली आणि गल्लीच्या बाहेर न्यायची नाही असं बजावून ठेवली, ती. आणि तलावाकडून आतल्या वस्तीतून जाणाऱ्या रस्त्याचा, जो लांब पडतो, पण जिथं ट्रक येत नाही.

संध्याकाळी पप्पा आले, हातपाय धुऊन भंगारवाल्याला फोन लावायला लागले. आबा ओट्यावर होते. मी त्यांच्याकडं बघत राहिले, न बोलता. मला न बोलता बसणं आता किती अवघड जातं हे फक्त मलाच माहीत.

“बद्री,” आबा म्हणाले, “फोन ठेव. दिसतंय मला.”

पप्पांनी फोन कानावरून खाली घेतला. “काय दिसतंय?”

“समदं. तुझ्या सदऱ्याचं दुसरं बटन तुटलंय, ते बी.” आणि मग त्यांनी ट्रकचं सांगितलं, माझ्याकडं न बघता. आई पीठ मळता मळता दारात येऊन उभी राहिली, हाताला पीठ तसंच. पप्पा बटणाच्या जागी बोट ठेवून म्हणाले, “मग आता काय करायचं त्या गाडीचं?”

मग मी उभी राहिले. कागद न घेता.

“आई, पप्पा, सोमवारपासून मी रिक्षानं जाणार नाही. मी माझ्या सायकलवर जाणार, तलावाकडच्या रस्त्यानं. पुढं मी आणि मागं आबा, त्यांच्या गाडीवर. कॅरेज रिकामं राहील, त्याच्यावर फक्त माझं दप्तर. मी विचारत नाहीये, सांगतेय.”