सातांतला दुसरा

आमच्याकडे सोयरीक जुळवायची तर आधी दोन्ही घरांच्या सात पिढ्यांचे बाप मोजतात. सातांत एक जरी सामाईक निघाला तरी लग्न मोडलं. आमच्या गावात ही मोजणी माझ्याकडे. दहा वर्षं मी गावाची वंशावळ लिहितोय. कोणी अडखळला की चारचौघांत विचारायचो, "काय रे, आईनं बापाचं नाव सांगितलं नाही वाटतं?" लोक हसायचे आणि मला ते फार आवडायचं.

माझ्या मुलीचं, बाल्जानचं लग्न ठरत आलं. पुस्तकात आजोबांच्या मरणाची तारीख घालायची राहिली होती, म्हणून तिला घेऊन जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात गेलो. आजोबांचं नाव दोस्मागाम्बेत आणि ते लढाईत पडले, एवढंच ठाऊक होतं. तिथल्या बाईंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. आजोबा पडले ऑगस्ट बेचाळीसमध्ये. माझे वडील जन्मले मार्च चव्वेचाळीसमध्ये. मधे एकोणीस महिने. माझे कान तापले.

"बाबा," बाल्जान हळूच म्हणाली, "मग खरे पणजोबा कोण? येर्मेकच्या घरातलंच कोणी असेल तर?"

येर्मेक म्हणजे तिचा होणारा नवरा. त्यांचं घर आमच्यापासून चार घरं सोडून. तसं निघालं तर लग्न संपलंच. महिनाभर मी जन्मनोंदी आणि शेतावरची जुनी हजेरीपत्रकं चाळली. बापाच्या रकान्यात सगळीकडे दोस्मागाम्बेतच. शेवटी मान खाली घालून, बाल्जानला सोबत घेऊन, कुल्पाश आजीकडे गेलो. लढाईच्या वर्षांत ती माझ्या आजीबरोबर भाताच्या खाचरांत राबलेली. आता पंच्याऐंशीची.

"आलास का वंशावळवाल्या? मला वाटलं, तुला सगळंच ठाऊक."

"नाही ठाऊक, आजी."

"तुझा खरा आजोबा युगाय. कोरियन. लढाईआधी सरकारनं त्या लोकांना आगगाड्यांत कोंबून इथं आणून टाकलं होतं ना, त्यातला. कालव्याचं पाणी सोडायचा. तुझ्या आजीला दिवस गेले तेव्हा म्हणाला, लग्न करू. ती म्हणाली, पोराला सात बाप लागतील, तू कुठून आणणार? तेव्हापासून गप्प झाला बिचारा. पोराला नाव लागलं मेलेल्याचं. तुझा बाप शाळेत जायचा तेव्हा हा रोज फावडं घेऊन वाटेवरच्या कालव्यावर उभा. अरे, थंडीत कालवा गोठलेला असायचा, काम कसलं? तरी उभा."

"म्हणजे येर्मेकच्या घराशी काही..."

"काही नाही. कर खुशाल लग्न."

माझा जीव भांड्यात पडला. त्या माणसाबद्दल ऐकून मला पहिलं काय वाटलं असेल, तर सुटलो! बाल्जान मात्र डोळे पुसत होती.

"बाबा, साखरपुड्याला त्यांचं नाव घ्याल ना?"

"घेईन."

"नक्की?"

"अगं, घेईन म्हटलं ना!"

साखरपुड्याला मटणाचं ताट संपलं, हात धुऊन झाले. येर्मेकचे आजोबा मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "चला व्याही, ऐकवा तुमचे सात. तुमच्यासारखं घडाघडा कोणाला येतं?"

"सेरिकबाय," मी वडिलांपासून सुरुवात केली. वीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. "दोस्मागाम्बेत," मी म्हणालो. पुढचे पाच आपोआप बाहेर पडले.

"बाबा," चहाच्या समोवारपाशी बसलेली बाल्जान म्हणाली, "दुसरं नाव चुकलं."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. अजूनही सांगता आलं असतं. मी हसलो. "शहरात शिकवल्याचा परिणाम, दुसरं काय! पोरीला स्वतःच्या घरचे बाप मोजता येत नाहीत."

सगळे खो खो हसले. येर्मेकसुद्धा. तिचा चेहरा लाल झाला. ती चहा ओतायला लागली.

आमच्यात आपल्या माणसाला चहा थोडा थोडा देतात, म्हणजे तो बसून राहतो आणि पुन्हा मागतो. काठोकाठ भरलेला प्याला म्हणजे प्या आणि निघा. व्याह्यांना तिनं अर्धा अर्धा दिला. मग माझा प्याला काठापर्यंत भरला, न सांडता माझ्यापुढे ठेवला आणि माझ्याकडे न बघता मागे सरली.

व्याही बोलत होते, मी हो हो म्हणत होतो. मी तो चहा सगळा प्यालो.