माहेरचं कासव

सून माहेराहून काय आणते? भांडी, साड्या, फार तर शिलाई मशीन. प्रतिभानं कासव आणलं. शाळेत असल्यापासून सांभाळलेलं, ताटलीएवढं, आणि त्याच्यासोबत त्याची काचेची टाकी. सगुणाबाई देवळ्याहून इंदिरानगरला लेकाकडे, अमोलकडे, राहायला आल्या, तेव्हा ते ध्यान बघून त्यांनी कपाळावर हात मारून घेतला होता.

आता ती टाकी गळायला लागली. खालच्या घराचं छत ओलं झालं, तिथली माणसं वर येऊन चार शब्द सुनावून गेली आणि अमोलनं निकाल दिला. एकदा दुरुस्त करून बघ, परत गळली तर कासव माझ्या मित्राला देऊन टाकू. प्रतिभा हो म्हणाली आणि कामाला लागली.

कासव टबात गेलं. प्रतिभानं सांध्यांतलं जुनं सिलिकॉन ब्लेडनं खरवडलं, कण न कण काढला, काचा स्पिरिटनं लख्ख पुसल्या. अमोल सोफ्यावर बसून उंटावरून शेळ्या हाकत होता. इतक्या निगुतीनं काम करणारे हात सगुणाबाईंनी क्वचितच पाहिले होते. पोरीचं त्यांना फार कौतुक वाटलं, आणि कौतुक वाटलं की त्यांना स्वस्थ बसवत नाही. प्रतिभा सिलिकॉनची नवी ट्यूब आणायला खाली गेली, तशी त्यांनी कुंकू तेलात कालवून टाकीच्या आतल्या कोपऱ्याला बोट लावलं. मग सून हसेल म्हणून पदरानं पुसूनही टाकलं. देवाला पोचलं, बास झालं.

प्रतिभानं सिलिकॉन भरलं, चांगलं वाळू दिलं आणि पाणी सोडलं. सगळे सांधे कोरडे. फक्त त्या एका कोपऱ्यातून थेंब थेंब.

“बघ,” म्हणत अमोलनं मित्राला लावायला फोन उचलला.

प्रतिभानं पाणी उपसलं. कोपऱ्यातली पट्टी नखानं ओढली, तर सालीसारखी अख्खी निघून आली. खाली तेलकट, तांबूस डाग. तिनं डागाकडे पाहिलं, मग सासूकडे. सगुणाबाईंना वाटलं, आता ही बोलणार, आणि बोलली तर तिचं काही चुकणार नाही.

“माझ्याकडूनच पुसायचं राहिलं,” प्रतिभा अमोलला म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “ठरलं होतं तसं कर.”

सासूची लाज राखायला पोरगी कासवावर पाणी सोडायला निघाली होती. सगुणाबाईंना ते बघवेना.

“ठेव तो फोन,” त्या लेकाला म्हणाल्या. “तेलातलं कुंकू मी लावलं व्हतं. तिचं काम लय चोख हे.”

“पण आई...”

“माझ्या आईनं मला लग्नात कालवड दिली व्हती. तुझ्या आजानं ती पहिल्याच बाजाराला विकली. मी बोलले नाय, अन् माझ्या बाजूनं बी कोणी बोललं नाय.” त्यांनी पदर खोचला, टाकीपुढं मांडी घातली आणि ब्लेड उचललं. “प्रतिभा, कुठून घासायचं ते दाखव.”

अमोलनं फोन खाली ठेवला. प्रतिभाचे डोळे भरून आले होते.

“आधी हात साबणानं धुऊन या, आई,” ती म्हणाली. “तेलाचं बोट लागलेलं चालत नाही.”

सगुणाबाईंना आजवर सुनेनं असं कधी सांगितलं नव्हतं. त्या निमूट उठल्या आणि हात धुवायला गेल्या.