सामाईक भिंत

पुस्तकात खूण म्हणून घातलेलं ते पत्र उत्तराविना राहिलं आहे, हे देवानंद मास्तरांना दार वाजलं तेव्हा आठवलं. दारात शेजारची उषाबाई उभी होती.

"पत्र आलं म्हनं तुम्हाला."

मास्तरांनी मान हलवली. बायकोला, मीनाला, मारहाण केल्याबद्दल उषाबाईच्या मुलाला, सोमेश्वरला, कोर्टानं दोषी धरलं होतं. गुन्हा पहिलाच, म्हणून चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडायचं की तुरुंगात धाडायचं, एवढंच ठरायचं होतं; तोवर तो जामिनावर घरीच होता. त्यासाठी कोर्टाच्या अधिकाऱ्यानं शेजारी म्हणून मास्तरांना पत्रातून विचारलं होतं: यापूर्वी असं काही घडल्याचं आपल्या माहितीत आहे काय?

"लिहा ना, पहिल्यांदाच झालं म्हनून. सुटला की मीनाला माहेराहून, धावड्याहून आणतो म्हनून राह्यला. तुमच्यावाणी वाचणाऱ्या मानसाचं कोर्ट बराबर ऐकतं."

"मला नक्की काय माहीत आहे, उषाबाई? ऐकण्यात चूकही होते."

"मंग तेच लिहा!"

बाहेर अंधारून आलं होतं. मास्तरांनी दिवा लावला. तेवढ्यात दोन घरांमधल्या मातीच्या भिंतीवर पलीकडून काहीतरी धपकन आदळलं.

उषाबाईनं वळूनही न पाहता हात लांबवला आणि बटण दाबलं.

केदारखेड्यातल्या त्या गल्लीची ही रीत होती. कुठं मारहाण सुरू झाली की आपला दिवा मालवायचा. आपण ऐकलंच नाही, असं त्या घराला वाटावं म्हणून. मास्तरांनीही कितीदा मालवला होता.

अंधारात दोघं तशीच बसली.

"घरात कोण आहे?"

"कोन्हीच न्हाई. सोमेश्वर सकाळीच जालन्याला गेला. कुलूप लावून आले मी." तिच्या कमरेची किल्ली वाजली.

भिंत पुन्हा वाजली. या खेपेला हळू, बांगड्यांसकट.

कोणी उठलं नाही.

"तुम्हीही मालवता?" मास्तरांनी विचारलं. "त्याच घरात राहून?"



"मीनाच्या अंगाची हळद निघाली नव्हती, तवापासून," ती म्हणाली. मग चाचपडत दाराकडे गेली. पत्राचं पुन्हा काही बोलली नाही.

सकाळी मास्तरांनी उत्तर लिहिलं, भिंतीपलीकडून आजवर जे जे ऐकलं होतं ते. 'कदाचित' हा शब्द दोनदा लिहून दोनदा खोडला. मग पाकीट घेऊन निघाले.

शेजारचं दार उघडं होतं. आत, दिवसाउजेडी, दिवा जळत होता. उषाबाई त्याच्याखाली भिंतीला पाठ लावून बसली होती. तिनं मास्तरांच्या हातातलं पाकीट पाहिलं, आणि हाक मारली नाही.

टपालपेटीच्या तळाशी पाकीट पडल्याचा आवाज येईपर्यंत मास्तर थांबले.